कचेरीतील पडदा आणि बोटांची सवय

बऱ्हाणपूरहून इच्छापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला महाराष्ट्राची हद्द येण्यापूर्वी शाहपूर हे गाव लागते. शिवारात केळीच्या बागा, घरांतून मराठी आणि खानदेशी वळणाची बोली, आणि सरकारी दप्तर मात्र हिंदीत, असा या भागाचा संसार आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निमाड मध्य प्रदेशातच राहिला आणि 15 ऑगस्ट 2003 रोजी बऱ्हाणपूर हा त्या राज्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे पूर्वी लेखणीवर आणि आता संगणकावर उपजीविका करणाऱ्या येथील माणसाला दोन भाषांचा व्यवहार सांभाळावा लागतो. बागेत जी ‘केळी’ असते ती अर्जात ‘केला’ होते. अशा माणसाच्या रोजच्या यंत्राचे रूप एके दिवशी अकस्मात बदलले, तर त्याची काय गत होते? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु ज्याची भाकरी बोटांच्या वेगावर अवलंबून आहे, त्याला तो किरकोळ वाटत नाही.

समजा, शाहपूरमध्ये केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारा एक कारकून आहे. वर्ड आणि एक्सेल ही सॉफ्टवेअरे तो 2003 च्या आवृत्तीवर शिकला. ट्रकचा क्रमांक, वजन, भाव, अडत, उरलेली रक्कम ही त्याची रोजची कोष्टके. ‘फाइल’ उघडावी, ‘पेज सेटअप’वर जावे, कागद आडवा करावा आणि छापावा, हे तो ट्रक दारात उभा असताना, चालकाशी बोलता बोलता, पडद्याकडे नीट न पाहता करीत असे. एके सकाळी यंत्र दुरुस्तीहून परत आले ते नवी आवृत्ती पोटात घेऊन. ‘फाइल’ हा शब्दच पडद्यावरून नाहीसा झालेला. वरच्या कोपऱ्यात एक वाटोळे चित्र. ते तर शोभेचे वाटते. ट्रक उभा, चालक घाईत, आणि पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस नवशिक्यासारखा पडदा धुंडाळतो आहे. हा कारकून कल्पनेतला खरा. पण 2007 नंतरच्या काळात कचेरीत काम केलेल्या कोणालाही तो अनोळखी वाटणार नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 30 जानेवारी 2007 रोजी ऑफिस 2007 ही आवृत्ती सर्वसाधारण ग्राहकांसाठी बाजारात आणली. तोपर्यंत वर्डच्या माथ्यावर फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, टेबल, विंडो, हेल्प अशी नऊ नावांची ओळ असे. नावावर टिचकी मारली की खाली आज्ञांची यादी उलगडे. नव्या आवृत्तीत वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट यांतून ही ओळ गेली आणि तिच्या जागी ‘रिबन’ नावाची रुंद पट्टी आली. या पट्टीवर आज्ञा चित्रांच्या रूपाने, कामाच्या गटांप्रमाणे मांडलेल्या होत्या. जुनी ओळ परत आणण्याची सोय कंपनीने ठेवली नव्हती. ज्यांना ती हवी होती त्यांच्यासाठी इतर लोकांनी छोटी जोड-सॉफ्टवेअरे तयार केली, आणि ती विकलीही गेली. काढून टाकलेली वस्तू पदरचे पैसे मोडून परत आणावी, इतकी ती माणसांना हवी होती, एवढे तरी त्यावरून दिसते.

कंपनीची बाजू मात्र ऐकून घेण्याजोगी आहे. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे 100 आज्ञा होत्या, त्या 2003 च्या आवृत्तीपर्यंत 1500 च्या वर गेल्या. याद्यांतून उपयाद्या फुटल्या, पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या. ऑफिस 2000 मध्ये तर क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा आपोआप लपविण्याचा प्रयोग झाला. त्याचा परिणाम एवढाच झाला की काल दिसलेली वस्तू आज दिसेना. तेव्हा ही अडगळ एकदाची मोकळी करून घराची मांडणीच नव्याने करावी, असे या मांडणीच्या कामाचे प्रमुख जेन्सन हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांनी ठरविले. त्यांच्यापाशी पुरावाही होता. ज्या ग्राहकांनी संमती दिली होती त्यांच्या यंत्रांवरून कोणती आज्ञा किती वेळा वापरली जाते याची मोजणी होत असे. वर्ड 2003 मध्ये एकट्या ‘पेस्ट’चा वाटा 11 टक्क्यांहून अधिक निघाला, आणि पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू व बोल्ड या पाच आज्ञांनी मिळून एकूण वापराचा सुमारे 32 टक्के भाग व्यापला होता. म्हणून नव्या पट्टीच्या अगदी पहिल्या स्थानी ‘पेस्ट’चे मोठे चित्र आले. ग्राहक जी नवी सोय मागतो ती पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच असते, त्याला फक्त सापडत नाही, हाही अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

ही मोजणी खोटी नव्हती, पण ती अपुरी होती. एखादी आज्ञा किती वेळा दिली गेली हे यंत्र सांगू शकते; ती पुन्हा शोधण्यात माणसाची किती सकाळ गेली हे ते सांगत नाही. शिवाय ज्या कचेरीत त्या काळी इंटरनेटची जोडणी नव्हती, तेथील कारकून या मोजणीत धरला जाण्याचा संभव नव्हता. त्याचे मत कोणी झिडकारले नाही. ते तेथवर पोहोचलेच नाही.

मतांचे सरळ दोन तट पडले असे मात्र म्हणता येत नाही. जो त्याच वर्षी प्रथमच संगणकापुढे बसला, त्याला रिबन सोपी वाटली. चित्रे समोर होती, याद्या उघडून पाहण्याचे कारण नव्हते. अध्येमध्ये पत्र लिहिणाऱ्याने आठवडाभर कुरकुर केली आणि तो रुळला. खरा संताप झाला तो आठ-आठ तास त्याच पडद्यापुढे बसणाऱ्याचा, म्हणजे ज्याने सॉफ्टवेअर सर्वांत अधिक आत्मसात केले होते त्याचा. तसे पाहिले तर हे उलटे आहे. ज्याच्या उपयोगासाठी यंत्र निर्माण झाले, त्यालाच सुधारणेचा भुर्दंड सर्वांत जास्त पडावा!

काही फेरबदल तर्काला धरून होते. पानाच्या माथ्यावरचा आणि तळाचा मजकूर, म्हणजे हेडर आणि फुटर, पूर्वी ‘व्ह्यू’मध्ये असे. तो ‘इन्सर्ट’मध्ये गेला हे योग्यच झाले, मजकूर घालावयाचा असतो, नुसता पाहावयाचा नसतो. परंतु एक्सेलमध्ये नवी ओळ घालण्याची आज्ञा जुन्या ‘इन्सर्ट’ यादीत होती, ती नव्या मांडणीत ‘इन्सर्ट’मध्ये न ठेवता ‘होम’मध्ये नेली. केळीच्या ट्रकांच्या यादीत मध्येच राहिलेला एक ट्रक घालू पाहणारा माणूस ‘इन्सर्ट’ उघडतो, तेथे आलेख आणि चित्रे पाहतो आणि कपाळाला हात लावतो. त्याची चूक कोणती? त्याने शब्दाचा सरळ अर्थ घेतला, एवढीच.

पुढे काही गोष्टी कंपनीने स्वतःच मागे घेतल्या. 2010 च्या आवृत्तीत ते वाटोळे चित्र जाऊन ‘फाइल’ हा शब्द आपल्या जागी परत आला, आणि पट्टीवरील आज्ञांची मांडणी बदलण्याची मुभाही मिळाली. 2013 मध्ये पट्टीवरची इंग्रजी नावे सर्व मोठ्या अक्षरांत छापली गेली. लोकांना ती ओरडल्यासारखी वाटली आणि 2016 मध्ये ती पूर्ववत झाली. त्याच सुमारास वर्डमधील ‘पेज लेआउट’चे नाव नुसते ‘लेआउट’ झाले, एक्सेलमध्ये मात्र ते जुनेच राहिले. असल्या बारीकसारीक बदलांनी कोणाचे घर बुडत नाही. पण शिकवणी वर्गाची छापील पुस्तिका निरुपयोगी होते, आणि शाहपूरसारख्या गावी ती पुस्तिका विद्यार्थी वर्षानुवर्षे एकमेकांकडून घेत असतात.

या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट कंपनीने फार शहाणपणाने केली, आणि तिचा गाजावाजा मात्र झाला नाही. ज्यांची बोटे माऊसऐवजी कळफलकावर चालत, त्यांचे जुने संकेत तिने जिवंत ठेवले. जुन्या एक्सेलमध्ये ‘ऑल्ट’, मग ‘ई’, मग ‘एस’ या कळा दाबल्या की विशेष प्रकारे चिकटविण्याची, म्हणजे ‘पेस्ट स्पेशल’ची चौकट उघडत असे. ‘ई’ ही ‘एडिट’ यादीची खूण होती. ती यादी गेली, तिचे नाव गेले, परंतु त्या कळा त्याच क्रमाने दाबल्या तर पडद्यावर एक छोटी सूचना उमटे आणि जुने काम पूर्ववत होई. पाडलेल्या घराचा पत्ता टपालवाल्याच्या ध्यानात राहावा, तसे हे झाले. परिणाम असा की डोळ्यांनी आज्ञा शोधणारा हरवला आणि बोटांनी आज्ञा देणारा बचावला. कौशल्य कोठे वसते याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल. वाकबगार कारकुनाला त्याची आज्ञा कोणत्या यादीत आहे हे विचारले तर तो गोंधळतो; पण कळफलकावर हात ठेवताच त्याची बोटे अचूक चालू लागतात.

देवनागरीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला तर याहून मोठा फेरफार आला, आणि तो रिबनच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. गोदरेज आणि बॉइस कंपनीने 1955 साली देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. 2009 साली तिने यंत्रे बनविणे थांबविले. मधल्या अर्धशतकात मराठी आणि हिंदी टंकलेखकांच्या पिढ्या रेमिंग्टन वळणाच्या कळफलकावर तयार झाल्या. त्या कळफलकाचा नियम असा की, कागदावर जे आधी दिसते ते आधी टंकावे. ‘कि’ लिहिताना प्रथम ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘क’. ‘ख’, ‘घ’, ‘भ’, ‘श’, ‘ण’ यांसाठी अर्धे अक्षर आणि त्याला जोडून काना. यंत्रावर खिळे मोजकेच, म्हणून ही काटकसर करावी लागली. संगणक आल्यावर खिळ्यांची अडचण संपली, परंतु कृतिदेवसारखे टंक हाच कळफलक घेऊन आले आणि जुन्या टंकलेखकाची सोय झाली.

इकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 1986 साली इन्स्क्रिप्ट हा निराळा कळफलक प्रमाण ठरविला होता. त्याची रचना सुबुद्ध आहे, यात वाद नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’. एका लिपीसाठी शिकलेला क्रम गुजराती, बंगाली किंवा कन्नडलाही उपयोगी पडतो. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने टंकावयाची, म्हणून ‘कि’साठी आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ‘अर्ज’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘ज’नंतर येई, नव्या पद्धतीत ‘र’चा पाय मोडून तो आधी येतो. पडद्यावर आणि कागदावर अक्षर पूर्वीसारखेच दिसते. वाचणाऱ्याला बदलाचा पत्ताही लागत नाही. बोटाला मात्र प्रत्येक वेलांटीपाशी ठेच लागते.

याच वेलांटीने पूर्वी एकदा मोठा वाद माजविला होता. 1953 साली लखनौ येथे भरलेल्या नागरी लिपी सुधारणा परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे द्यावी असे सुचविले. टंकलेखनाला आणि छपाईला ते सोयीचे पडले असते. पण वाचकांच्या डोळ्यांना ते रूप मानवले नाही, आणि काही वर्षांतच ती सूचना सोडून द्यावी लागली. त्या वेळी विरोध साऱ्या वाचणाऱ्या समाजाचा होता, म्हणून तो ऐकला गेला. इन्स्क्रिप्टने वेलांटी कागदावर जागच्या जागी ठेवली आणि फक्त बोटांचा क्रम फिरविला. ज्यांची बोटे होती ते संख्येने थोडे, आणि कचेरीच्या खालच्या पायरीवरचे. त्यांचे गाऱ्हाणे परिषदेपर्यंत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही हा बदल टाळण्याजोगा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कृतिदेवात लिहिलेला मजकूर ज्या यंत्रावर तो टंक नाही तेथे रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. बऱ्हाणपुरात लिहिलेला अर्ज भोपाळला वाचता यावा, दहा वर्षांनी शोधला तर सापडावा, यासाठी युनिकोडचाच अवलंब करणे भाग होते. मराठी लिहिणाऱ्याला तर युनिकोडचा लाभ विशेष आहे. ‘केळी’मधला ‘ळ’ इन्स्क्रिप्टवर ‘ल’च्याच कळीवर, शिफ्टसह मिळतो. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘बऱ्हाणपूर’ या शब्दांतील वाकडा ‘र’ही त्याच रीतीने ‘र’च्या कळीवर आहे. शाहपूरच्या मराठी माणसाला ज्या तीन शब्दांवाचून एक दिवस चालत नाही, त्या तिन्हींची सोय त्या फलकावर आहे. युनिकोड घेतले म्हणून जुना कळफलक सोडलाच पाहिजे असे मात्र नाही. मजकूर कसा साठवावा हा एक प्रश्न आणि तो कोणत्या बोटांनी लिहावा हा दुसरा. कित्येक वर्षे या दोहोंची गल्लत होत राहिली आणि तिची किंमत टंकलेखकांनी मोजली.

मध्य प्रदेशात ही गल्लत बऱ्याच अंशी दूर झाली ती एका परीक्षेच्या निमित्ताने. राज्यातील कारकुनी आणि डेटा-एंट्रीच्या नोकऱ्यांसाठी संगणक-दक्षतेची जी परीक्षा सुरू झाली, तिला सर्वजण सीपीसीटी म्हणून ओळखतात. 75 मिनिटांत 75 प्रश्न, त्यानंतर इंग्रजी आणि हिंदी टंकलेखनासाठी प्रत्येकी 15 मिनिटे, असे तिचे स्वरूप ठरले. हिंदीत मिनिटाला 20 आणि इंग्रजीत 30 शब्दांचा वेग आवश्यक. मजकूर युनिकोडमध्येच उमटतो, परंतु कळफलक मात्र उमेदवाराने निवडावयाचा: इन्स्क्रिप्ट, किंवा जुन्या वळणाचा रेमिंग्टन गेल. ज्या तरुणाने वडिलांच्या जुन्या यंत्रावर हात बसविला त्याला वेलांटी आधी देता येते, आणि जो शाळेतील संगणकावर शिकला त्याला ती मागून देता येते. ही निवड करून देण्यात सरकारचे फारसे नुकसान झाल्याचे दिसत नाही. लाभ मात्र अशा मुलाचा झाला, ज्याला पुन्हा सहा महिने वर्गाची फी भरणे परवडले नसते.

प्रश्नांच्या भागात मात्र तशी मोकळीक नाही. वर्ड आणि एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरची माहिती अभ्यासक्रमात आहे, आणि माहिती म्हटली की आवृत्ती आली. अमुक आज्ञा कोठे आहे असा प्रश्न आला आणि शाहपूरच्या उमेदवाराने ज्या दुकानात शिक्षण घेतले तेथील यंत्रावर 2003 ची आवृत्ती असली, तर ‘पेज सेटअप’साठी तो ‘फाइल’ लिहील. उत्तर त्याच्या यंत्रापुरते बरोबर असेल आणि गुण मात्र मिळणार नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी ‘कोठे आहे’ हे विचारण्याऐवजी ‘काय होते’ हे विचारावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर नव्हे. कागद आडवा कसा करावा हे ज्ञान टिकते. ती आज्ञा कोणत्या नावाखाली आहे, हे ज्ञान कंपनीच्या मर्जीवर टिकते.

दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवता येतात, याचे उदाहरण सॉफ्टवेअरच्या जगातही आहे. 2010 साली वेगळी चूल मांडलेल्या लिबरऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरनेही रिबनसारखी पट्टी तयार केली. 2017 च्या 5.3 या आवृत्तीत ती प्रथम प्रयोगादाखल आली. परंतु जुनी यादी आणि जुन्या पट्ट्या त्यांनी मोडल्या नाहीत; ज्याला जे रूप हवे ते त्याने निवडावे, अशी सोय केली. कोणी म्हणेल की दोन घरे सांभाळण्याचा खर्च दुप्पट होतो. तो होतोच. पण तो खर्च नाहीसा थोडाच होतो? कंपनीने केला नाही तर तो शाहपूरच्या कारकुनाच्या सकाळीतून, शिकवणीच्या फीतून आणि परीक्षेच्या गुणांतून वसूल होतो, एवढाच फरक.

आता तर तिसरीच पिढी आली आहे. तिने टंकलेखन यंत्र पाहिलेले नाही, आणि इन्स्क्रिप्टचीही तिला विशेष ओळख नाही. मोबाइलवर रोमन अक्षरांत शब्द लिहावा आणि यंत्राने त्याची देवनागरी करून द्यावी, ही तिची रीत. या रीतीने ‘केळी’ लिहावयाला गेले तर रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. यंत्र अंदाजाने कधी ‘केली’ पुढे करते, कधी ‘केळी’, आणि त्यांतून योग्य शब्द निवडण्यासाठी डोळ्यांना पुन्हा पहाऱ्यावर बसावे लागते. सीपीसीटीच्या टंकलेखनात मात्र ही रीत चालत नाही. तेथे घड्याळ सुरू होण्यापूर्वी उमेदवारापुढे दोनच नावे येतात, आणि ज्या कळफलकावर त्याचा हात बसला आहे, त्याच्यावर त्याला खूण करावी लागते.